अकरा जणांचे शेवटचे शब्द

पाद्रीबाबांवर गावाचा इतका जीव होता, की त्यांच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवायची वेळ आली तेव्हा सुताराने मजुरी घ्यायला साफ नकार दिला. “बाबांचं काम आहे, त्याचे कसले पैसे,” असं डोळे पुसत म्हणाला आणि चार स्क्रू जास्तीचे आवळून गेला.

पोर शेजारी उभी राहून बघत होती. पोर म्हणजे साठीला टेकलेली बाई. केस पांढरे, गुडघे दुखरे, तरी गाव तिला ‘पाद्रीबाबांची पोर’च म्हणत आलं होतं. गावाने एकदा नाव ठेवलं की ते माणसाबरोबरच खड्ड्यात जातं. ती बाबांच्या पोटची नव्हती हेही सगळ्यांना माहीत होतं. त्यातच तर बाबांचा मोठेपणा दिसायचा.

पण कडीची गोष्ट मागाहूनची. आधी शब्दांची सांगायला हवी.

फार वर्षांपूर्वी लढाईला गावातून बारा जण गेले होते. बर्फाच्या एका खिंडीत त्यांची तुकडी अडकली, रसद तुटली, आणि बारांतला एकच परत आला. डाव्या पायाची बोटं तो तिकडेच ठेवून आला होता. कुबडी टेकत स्टेशनवर उतरला तो स्वतःच्या घरी गेलाच नाही. आधी अकरा घरं फिरला. प्रत्येक घरी टेकला, घोटभर पाणी प्यायला आणि त्या घरचा माणूस मरताना काय म्हणाला ते शब्द न् शब्द सांगून उठला.

बेकरीवाल्यांच्या घरी त्याने अंगातला निळा स्वेटर काढून म्हातारीच्या मांडीवर ठेवला. तिनेच विणलेला, थोरल्या मुलासाठी. “शेवटी त्यानं तो मला दिला,” तो म्हणाला. “म्हणाला, तू घाल, आणि आईला सांग, मला अजिबात थंडी वाजत नाहीये.” म्हातारी रडली, पण त्या रात्री तिला झोप लागली. शिंपीणबाई तेव्हा नुकती लग्न झालेली पोरगी होती. तिला निरोप आला होता, “माझी वाट बघू नकोस म्हणावं.” आत्ताच्या नगराध्यक्षांचे वडील म्हणे म्हणाले होते, “गावाची मान खाली जाऊ देऊ नका.” ते वाक्य पुढे चौकातल्या त्यांच्या पुतळ्याखाली कोरलं गेलं आणि त्या वाक्याच्या जिवावर मुलाने सलग चार निवडणुका मारल्या.

ज्या तोंडाने हे शब्द आणले त्याच तोंडात देवाचे शब्द शोभतील, असं गावाला वाटलं आणि त्यालाही वाटलं. तो शिकायला गेला, पाद्री होऊन परत आला, आणि मग आयुष्यभर गावच्याच चर्चमध्ये राहिला. कोणाचा बाप अंथरुणाला खिळला की रात्रभर उशाशी बसणार तो. कोणाचा नवरा पिऊन मारतो कळलं की त्या नवऱ्याला कॉलर धरून नळाखाली नेणार तोच. लंगडत, शिट्टी वाजवत रस्त्याने जायला लागला की कुत्रीसुद्धा मागे लागायची. माणूस खरोखर चांगला होता. चांगल्या माणसाबद्दल गोष्ट सांगताना हे आधीच सांगून टाकावं, नंतर जमत नाही.

दर वर्षी थंडीत, खिंड पडली त्या तारखेजवळच्या रविवारी, चर्चमध्ये ‘शब्दांचा रविवार’ व्हायचा. पाद्रीबाबा वर उभे राहून अकरा जणांचे शेवटचे शब्द म्हणायचे. नाव घ्यायची गरज नसे. शब्द ऐकले की त्या घरचे लोक उठून उभे राहायचे. चर्चच्या मागे अकरा दगड उभे होते, खाली माती सोडून काही नाही, वर मात्र तेच शब्द पाथरवटाने खोल कोरलेले. लोक त्या दगडांना मिठी मारायचे. माणूस परत आला नाही तर निदान वाक्य तरी आलं, हेही काही थोडं नव्हतं.

अकरावं वाक्य पोरीचं होतं. तिची आई बाळंतपणातच गेली होती, आणि बाप तिला शेजारच्या म्हातारीपाशी ठेवून लढाईला गेला होता. तो सारखा नाचायचा, गरगर फिरायचा, म्हणून तुकडीत त्याला ‘भिंगरी’ म्हणत. भिंगरीचे शेवटचे शब्द होते, “माझी पोर तुझी. तिला अंतर देऊ नकोस.” ते ऐकून म्हातारीने दोन वर्षांची पोर उचलून त्या कुबडीवाल्याच्या हातात दिली. मोकळी झाली बिचारी.

आणि त्याने अंतर दिलं नाही. वेण्या घालायला शिकला, फ्रॉकची बटणं लावायला शिकला, गोवर आला तेव्हा पंधरवडाभर खुर्चीतच झोपला. एक मात्र केलं. तिला कधी ‘बाबा’ म्हणू दिलं नाही. “तुझा बाप एकच. मी काका,” असं म्हणायचा. गावाचा बाबा, आणि घरात काका.

पोर पंचविशीची असताना घड्याळवाल्याने तिला मागणी घातली. माणूस सरळ होता, हात साफ होता, आणि शेजारच्या शहरात त्याला दुकान मिळत होतं. पोर त्या आठवड्यात जिना चढताना गाणी म्हणत होती. काकांनी नाही म्हटलं नाही. चांगली माणसं नाही म्हणतच नाहीत. ते एवढंच म्हणाले, “तुझा बाप तुला माझ्या हाती देऊन गेला. पण तू जा हो बाळ. माझं काय, मी करीन कसंही.” मग ते बोटं नसलेला पाय चोळत बसले. पोर गेली नाही. त्यांनी तिला अंतर दिलं नव्हतं, मग तिने त्यांना कसं द्यायचं? घड्याळवाल्याने पुढे दुसरीशी लग्न केलं, शहराचं दुकानही सोडलं, आणि गावातच चर्चसमोर काचेमागे बसून डोळ्याला भिंग लावून उभं आयुष्य काढलं.

असं सगळं नीट चाललं होतं. मग काकांचं डोकं फिरायला लागलं.

आधी चष्मा फ्रीजमध्ये, चप्पल ओव्हनमध्ये. त्यावर गाव हसलं, तेही हसले. मग एका सकाळी ते पाव आणायला गेले. बेकरीत गर्दी होती. काउंटरच्या वर, काचेच्या चौकटीत, तो निळा स्वेटर टांगलेला होता. बाबांनी वर बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

“घट्ट धरला होता रे त्यानं,” ते बेकरीवाल्याला म्हणाले. “दोघांनी हात धरले तेव्हा मला काढता आला. किती रडला! म्हणाला, मला थंडी वाजतेय, मला थंडी वाजतेय, निदान मरू तरी द्या आधी. मरायला दोन दिवस लागले त्याला. आम्ही काही थांबू शकत नव्हतो.”

बेकरीवाल्याच्या हातात चिमटा होता, चिमट्यात पाव. तो तसाच उभा राहिला. गिऱ्हाइकं खाली बघायला लागली. बाबांनी पाव घेतला, “देव बरं करो,” म्हणाले आणि शिट्टी वाजवत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाला पोरीकडे आला. “ताई, म्हातारपण आहे. मी काही मनावर घेतलं नाही,” तो म्हणाला. मात्र चौकट भिंतीवरून उतरली होती.

पुढच्याच आठवड्यात शिंपीणबाईचा नंबर लागला. ऐंशीची म्हातारी, काळ्या कपड्यांशिवाय काही अंगाला लावलं नाही आयुष्यात. बाबांच्या झग्याचा काठ टाचायला आली होती. तोंडात टाचण्या धरून खाली वाकली होती, तेवढ्यात बाबा वरून म्हणाले, “तुझा नवरा पळाला, बरं का. तुकडीचा कंदील घेतला आणि खिंडीच्या पलीकडे उतरला. मी हाक मारली. त्यानं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. तो काही मेलाबिला नाही.”

म्हातारीने एकेक टाचणी तोंडातून काढली आणि डबीत ठेवली. मग पोरीला विचारलं, “मग इतकी वर्षं मी कुणाची विधवा होते गं?” त्या दिवसापासून शिंपीणबाई पिशवी घेऊन स्टेशनवर जाऊन बसायला लागली. आधी वाट बघू नकोस म्हणून सांगितलं होतं म्हणून बघितली नव्हती. आता ती भरपाई करत होती.

तिसरा घाव नगराध्यक्षांवर पडला, तोही भर चौकात, पुतळ्यासमोर, नव्या दिव्यांच्या उद्घाटनाला. बाबांना दोन शब्द बोलायला उभं केलं. ते पुतळ्याकडे बोट करून म्हणाले, “हा सगळ्यांच्या वाटणीचे डबे चोरून खायचा. म्हणून आम्ही याला खोपटाबाहेर काढला. रात्रभर पत्रा वाजवत होता. उजाडता उजाडता थांबला.” माइक चांगला होता. शेवटच्या रांगेपर्यंत नीट ऐकू गेलं.

नगराध्यक्ष संध्याकाळी फळांची टोपली घेऊन आले. टोपलीला रिबीन होती. “बाबा म्हणजे आपल्या गावाचा आत्मा,” ते पोरीला म्हणाले. “आत्म्याला जपायला हवं. बाहेरची हवा त्यांना मानवत नाही. तुम्ही एकट्या कुठवर लक्ष ठेवणार? उद्या सुताराला पाठवतो.” आणि जिना उतरताना, सहज सुचल्यासारखं म्हणाले, “खिडकी रस्त्याकडची आहे ना? ती लावूनच ठेवा. आवाज फार लांब जातो.”

पोरीने हो म्हटलं. तिला रागही आला होता आणि आतून सुटल्यासारखंही वाटलं होतं. कारण काका रोज रस्त्यात कुणाला तरी सोलत होते, आणि त्यांच्याबरोबर जायला तिला लाज वाटायला लागली होती.

कडी बसली आणि गावाचं प्रेम दुणावलं. पायरीवर फुलं यायला लागली. मुख्याध्यापकांनी मुलांकडून बाबांची चित्रं काढून घेतली. कडीच्या आतला माणूस सगळ्यांना फार आवडतो. पण गंमत पुढेच आहे. हेच लोक दुपारच्या वेळी, एकेकटे, मफलर नाकापर्यंत ओढून मागच्या जिन्याने वर यायला लागले. “पोरी, फक्त दोन मिनिटं. आमच्याचं काय झालं तेवढं विचारतो.” विचारायचे, ऐकायचे, भिंत धरत खाली उतरायचे, आणि दुसऱ्या दिवशी समोरून आले तर पोरीलाच ओळख दाखवायचे नाहीत.

हे बघता बघता पोरीच्या एक गोष्ट ध्यानात आली. काकांचं डोकं स्वच्छ असलं, की ते जुनेच शब्द सांगत. तोच चर्चमधला आवाज, तोच मधला थांबा. डोकं गढूळ झालं, की खरं बाहेर पडे. आणि डोकं गढूळ व्हायचं थंडीने. शेगडी विझली, खोली गार पडली, की ते खिंडीत पोचायचे. म्हणून ती कोळसा कमी पडू देत नव्हती. आलेल्या लोकांची तोंडं बघून ती मनाशी म्हणायची, आपण नाही विचारायचं. आपलं वाक्य आहे तसं राहू दे.

मग एके दिवशी घड्याळवाला घरातल्या जुन्या घड्याळाला तेल घालायला आला. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. शिडीवर चढून, पाठ करूनच त्याने विचारलं, “तुझ्या वडिलांचं काय निघालं?”

“मी नाही विचारलं.”

“नकोच विचारू.”

“का?”

त्याने लंबक हलवला, कान लावला, थांबला. “मी पस्तीस वर्षं त्या वाक्याला शिव्या देत आलोय. तिला अंतर देऊ नकोस म्हणे. मेलेल्या माणसानं सांगितलं म्हणून मी गप्प बसलो. जिवंत माणसाशी भांडलो असतो.” मग तो शिडीवरून उतरला. “ते वाक्यच खोटं असेल तर मला नको सांगू.”

तो गेला, आणि पोर तिथेच खुर्चीत बसून राहिली. बेकरीवाल्याचा स्वेटर गेला, शिंपिणीचा नवरा गेला. तिचं तर सगळंच त्या एका वाक्यावर उभं होतं. लग्न झालं नाही, मूल झालं नाही, शहर बघितलं नाही. बापाने खरंच तसं म्हटलं असेल तर ठीक होतं, बापाचा शब्द राखला. नसेल म्हटलं, तर एका लंगड्या माणसाने एकटं राहावं लागू नये म्हणून एक वाक्य रचलं आणि त्यात तिला आयुष्यभर डांबून ठेवलं. कडी काय आत्ता बसली? तिची तर दोन वर्षांची असतानाच बसली होती.

त्या दिवसापासून तिने शेगडीत कोळसा घातला नाही.

हे लिहायला बरं वाटत नाही, पण तिने ते केलं. डॉक्टरांच्या गोळ्या कुंडीत पुरल्या. दुसरी रजई धुवायची म्हणून काढली आणि वाळली तरी परत घातली नाही. रोज सकाळी उठून खिडकी उघडायची, स्वतः कोट घालून खुर्चीत बसायची आणि काकांचे ओठ निळे व्हायची वाट बघायची. वाट बघायला ती शिंपिणीपेक्षा पक्की निघाली. काका कुडकुडत बोलायचे, पण अकराव्यापर्यंत पोचायच्या आत ग्लानी यायची. त्यांना खोकला लागला. पोर आल्याचा काढा पाजायची, छाती चोळून द्यायची, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा खिडकी उघडायची. दोन्ही हात तिचेच होते. माणसाला ते जमतं.

शब्दांचा रविवार उजाडला. आता म्हणणार कोण, हा प्रश्न गावाने परस्परच सोडवला होता. पोरीने म्हणायचे. तिच्याइतके पाठ दुसऱ्या कोणाला होते? चर्चची पहिली घंटा झाली तेव्हा ती काकांच्या खोलीत होती. रात्री बर्फ पडलं होतं. तिने खोलीच्या दोन खिडक्यांपैकी एक सताड उघडली, काकांची काठी उचलली आणि फरशीवर आपटली.

“हजेरी!” ती ओरडली.

म्हातारा ताडकन उठला. गुडघ्यापर्यंतचा सदरा, खाली काड्यांसारखे पाय, एका पायाला बोटं नाहीत. तरी टाचा जुळवल्या, हनुवटी वर केली.

“बारांपैकी एक हजर, साहेब.”

“बाकीचे?”

आणि तो सांगत सुटला. घोगऱ्या, तरण्या आवाजात. कुणाचा स्वेटर काढला, कुणाला बाहेर काढलं, कोण पळाला. कुणाच्या तोंडात बोळा कोंबला, कारण तो विव्हळत होता आणि शत्रू खाली ऐकत होता. कोण आईच्या नव्हे, भाकरीच्या नावाने ओरडत मेला. दहा झाले. एकाच्याही तोंडी दगडावरचं वाक्य नव्हतं.

“आणि भिंगरी?” पोरीचा आवाज फाटला. “भिंगरी कुठाय? काय म्हणाला तो?”

म्हाताऱ्याचे ओठ हलले. डोळे तिच्यावर आले, तिच्या कोटावर, काठीवर, गारठून निळ्या पडलेल्या तिच्या बोटांवर. आणि पोरीच्या डोळ्यांदेखत ते डोळे निवळले. पाण्यातला गाळ खाली बसावा तसे. टाचा सुटल्या, खांदे उतरले, आणि तो पलंगाच्या कडेवर बसला.

“बाळ,” काका म्हणाले, “खिडकी कुणी उघडी टाकली? लाव आधी. तुला थंडी वाजेल.”

“काका, भिंगरी काय म्हणाला?”

त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि चोळायला लागले, लहानपणी चोळायचे तसा. मग म्हणाले, तोच चर्चमधला आवाज, तोच मधला थांबा, “माझी पोर तुझी. तिला अंतर देऊ नकोस.”

“खरं सांगा.”

“खरंच सांगतोय बाळ.”

“काका, मी पाया पडते. एकदाच खरं सांगा.”

“अगं, खरंच.” आणि ते हसले, प्रेमाने, सगळ्या गावाला माहीत असलेलं ते हसू. “तुझ्याशी मी खोटं बोलेन का?”

खरं असेलही. अकरांतला एखादा शहाण्यासारखा मेला असेल, कोणी सांगावं? पण पोरीला आता ते कधीच कळणार नव्हतं. गावातल्या प्रत्येकाला त्याचं त्याचं खरं मिळालं होतं, नुसतं तिलाच नाही. तिच्यावर जीव होता म्हणून तिच्या वाक्यापाशी आले आणि त्यांचं डोकं ताळ्यावर आलं. इतका राग तिला आयुष्यात कोणाचा आला नव्हता. तिने आपला हात सोडवून घेतला.

दुसरी घंटा झाली. खाली नगराध्यक्षांचा माणूस हाका मारत होता.

“खिडकी लाव गं,” काका मागून म्हणाले.

पोर दुसऱ्या खिडकीपाशी गेली आणि तीही उघडली. मग बाहेर येऊन तिने कडी घातली आणि चर्चमध्ये गेली.

चर्च भरगच्च होतं. पोर काकांच्या जागी उभी राहिली आणि बोलायला लागली, तर आवाज काकांचा निघाला. “आईला सांग, मला अजिबात थंडी वाजत नाहीये.” बेकरीवाला उठून उभा राहिला. जरा वेळ लावला त्याने, पण राहिला. “माझी वाट बघू नकोस म्हणावं.” स्टेशनवरून पिशवीसकट आलेली शिंपीणबाई काठी टेकून उठली. “गावाची मान खाली जाऊ देऊ नका.” नगराध्यक्ष तर ताठ उभे राहिले, आणि त्यांनी खरोखर डोळे पुसले. मागच्या जिन्याने वर येऊन ज्यांनी खरं ऐकलं होतं, तेच सगळ्यांत जास्त रडत होते. दर वाक्याला माणसं उठत होती, आणि पोरीच्या लक्षात आलं की ते तिच्याकडे भुकेल्या तोंडांनी बघताहेत. त्यांना हेच हवं होतं. पुढच्या वर्षीही हवं असणार होतं.

अकरावं वाक्य ती म्हणाली तेव्हा उठायला कोणी नव्हतं. उठणारी तीच, आणि ती आधीच उभी. क्षणभर सगळे इकडे तिकडे बघत राहिले. मग शेवटच्या बाकावरून घड्याळवाला उभा राहिला, टोपी हातात घेऊन, मान खाली घालून. पोरीने त्याच्याकडे बघायचं टाळलं.

उपासना संपल्यावर कोणीतरी म्हणालं, चला, बाबांना भेटून येऊ. फुलं होतीच. सगळी मंडळी घराकडे निघाली, पुढे पोर, मागे गाव. बेकरीवाल्याने वाटेत दुकान उघडून ताजा पाव घेतला. एवढ्या महिन्यांत त्याने पहिल्यांदाच बाबांसाठी पाव घेतला होता. लांबूनच दिसलं की वरच्या दोन्ही खिडक्या उघड्या आहेत.

पोरीने कडी काढली. काका पलंगावर नव्हते. खिडकीखाली फरशीवर बसले होते, एक हात वर, खिडकीच्या चौकटीला धरून. बोटं नसलेला पाय दुमडला होता. तिथवर सरकत आले होते आणि वर उठणं जमलं नव्हतं. सदऱ्यावर बारीक बर्फ पडलेलं होतं, ते वितळत नव्हतं.

आधी बायका रडल्या, मग पुरुष. नगराध्यक्षांनी बाबांच्या पुतळ्याची घोषणा तिथेच केली. कोणी कडीकडे बघितलं नाही, शेगडीकडेही नाही. झोपेत चालायची सवय असावी, असं डॉक्टर म्हणाले, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मग गर्दी थोडी बाजूला झाली आणि पाथरवट पुढे आला. त्याच्या आजोबांनी ते अकरा दगड कोरले होते. त्याने कानामागची पेन्सिल काढली होती, आणि त्याचे डोळे गळत होते.

“पोरी,” तो म्हणाला, “बाबा शेवटी काय म्हणाले गं?”

जिन्यावरचे लोक जागीच थांबले. पोरीने सगळ्यांकडे बघितलं. खरे शब्द तिच्या तोंडाशी होते, तीनच तर शब्द होते, आणि ते म्हणताना आलेला आवाज अजून तिच्या पाठीला लागलेला होता. तिने तोंड उघडलं.

“म्हणाले, मला अजिबात थंडी वाजत नाहीये.”

कुणीतरी हुंदका दिला. “देवमाणूस,” कुणीतरी म्हणालं. पाथरवटाने बोटांवर अक्षरं मोजली आणि एका ओळीत बसतील म्हणाला.

बेकरीवाल्याने एकदा पोरीकडे बघितलं आणि एकदा उघड्या खिडक्यांकडे. मग पाव टेबलावर ठेवून त्याने एकेक करून दोन्ही खिडक्या लावल्या.